टाकीची टेकडी, देवाची टेकडी

नळयोजनेला तीन तऱ्हेच्या जागा लागतात: पाण्याची, उंचीची आणि वादात नसलेली. विहीर घ्यायची ती नाल्याच्या काठाला, जिथं मे महिन्यातही उंबराखालची माती ओली लागते. टाकी टेकडीवर, म्हणजे खांबांची उंची कमी होते आणि खर्च वाचतो. नळ टाकायचा तो शिवेच्या वाटेनं, गायरानातून. भूसंपादन नको आणि कुणाच्या बांधावर तंटाही नको. आता नांदेडच्या किनवट-माहूरकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, किंवा गोंडांच्या गुड्यात, म्हणजे त्यांच्या पाड्यात, बसून विचारा, तुमचे देव कुठं कुठं आहेत. झऱ्यापाशी, टेकडीवर, शिवेवर. आणि गेलेल्या माणसाला माती कुठं देता? गायरानात.

अभियंत्याला सर्वांत सोयीची जागा आणि पोडानं सर्वांत जपलेली जागा एकच निघते, आणि यात योगायोग काही नाही. पाणी होतं म्हणून देव बसला, देव बसला म्हणून झाडं तुटली नाहीत, झाडं राहिली म्हणून पाणी टिकलं. जे इतक्या नेमानं घडतं ते आधी ओळखता यायला हवं. तरी पाणीपुरवठ्याच्या कामात हा प्रश्न निघतो तो जेसीबी येऊन उभा राहिल्यावर.

कामाचा क्रम पाहिला की कारण कळतं. आधी सर्वेक्षण, मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या स्रोताचा दाखला, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. ग्रामसभेचा ठराव फायलीत असतो, नाही असं नाही. पण त्यात मजकूर असतो तो 'गावास नळ पाणीपुरवठा योजना मंजूर व्हावी' एवढाच. विहीर कुठं, टाकी कुठं, नळ कोणत्या वाटेनं, याचा त्यात शब्द नसतो. पाणी नको असं कोण म्हणेल? मग त्याच ठरावाला पुढं 'गावाची संमती' म्हणून वापरलं जातं. वस्तीला विचारायचं ते उद्भव ठरण्याआधी. अंदाजपत्रक झाल्यावर विचारणं म्हणजे सह्या गोळा करणं, कारण तेव्हा 'नाही' ऐकायची कार्यालयाची तयारीच उरलेली नसते. उद्भव बदलला की नळाची लांबी बदलते, पंपाची अश्वशक्ती बदलते, सुधारित अंदाजपत्रक करावं लागतं, आणि ते मार्चअखेर कुणालाच परवडत नाही.

कायदा हे करून घेईल अशी आशा असेल तर ती सोडावी. पिण्याच्या पाण्याच्या योजनेला कायद्यानं जागोजागी वाट मोकळी करून दिली आहे. पर्यावरणीय मंजुरीची जनसुनावणी नळयोजनेला लागत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यास संपादन असेल तरच. रस्त्याच्या कडेनं नळ नेला की संपादनच नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्याला २०१० साली दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढं २०० मीटर विनियमित क्षेत्र आलं. त्याच दुरुस्तीत 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या वाचा. सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामं त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. हेतू चांगलाच होता, स्मारकाशेजारच्या माणसानं तहानलेलं का राहावं? पण त्यामुळं झालं असं की घराला खोली वाढवणाऱ्यानं परवानगीसाठी खेटे घालायचे, आणि दीड मीटर खोल चर मारत जाणाऱ्या यंत्रणेला कुणी हटकायचं नाही. जिथं बाहेरचा धाक नाही तिथं यंत्रणेला आपला नियम आपणच करावा लागतो.

दोन कायदे मात्र धरून ठेवण्यासारखे आहेत. १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा, ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपण्याचा अधिकार देतो. महाराष्ट्रानं २०१४ साली त्याचे नियम केले, आणि त्यांनुसार पोडाला किंवा पाड्याला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊन आपली स्वतंत्र ग्रामसभा भरवता येते. पाणीवाल्यांच्या दृष्टीनं ही तरतूद सोन्यासारखी आहे. महसुली गावाच्या ग्रामसभेत दोन-तीन किलोमीटरवरच्या पोडाचे चार जण मागं उभे असतात; पोडाच्या ग्रामसभेत तेच पुढं बसतात. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. त्यातलं कलम ५ पाण्याचे स्रोत आणि सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे देतं, आणि कलम ३(२) पिण्याच्या पाण्याच्या कामाला वनजमीन मिळवण्याची सोपी वाट देतं: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

या एका हेक्टरातच गोम आहे. चर एक मीटर रुंद धरला तर दहा किलोमीटर नळ एका हेक्टरात बसतो, आणि प्रस्तावात हिशेब असाच मांडतात. जागेवर काय होतं? जेसीबीला उभं राहायला जागा हवी, उपसलेली माती एका बाजूला, पाइपची चळत दुसऱ्या बाजूला. चार मीटरचा पट्टा सहज जातो, आणि मग तोच हेक्टर अडीच किलोमीटरला संपतो. कागदावरच्या एका मीटरला ग्रामसभेनं हो म्हटलेलं असतं. उरलेल्या तीन मीटरात मोहाचं झाड येतं, दगड येतात, आणि भांडण तिथून सुरू होतं. ठरावात चराची रुंदी नको, काम करण्याच्या पट्ट्याची रुंदी लिहा.

अडचण अशी, की पेसा लागू होतो ते पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातच आहे, किनवट-माहूरकडे. कळमनुरी आणि औंढा नागनाथकडचे आंध, कन्नड-सोयगावकडचे भिल्ल अनुसूचित जमातीचे असूनही पेसाच्या बाहेर. वनहक्क कायदा त्यांना आहे, पण तो वनजमिनीपुरता. आणि तांडे? बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, आपल्याकडे विमुक्त-भटक्यांत. राज्याच्या शिवेच्या अल्याड एक कागद, पल्याड दुसरा. त्या वर्गवारीच्या वादात इथं शिरायचं कारण नाही, पण सेवालाल महाराजांच्या ठाण्यावरून नळ नेताना जातीचा दाखला तपासायचा का? पाणीपुरवठ्याचा नियम जागेवर बेतलेला हवा. वस्ती कोणाचीही असो, जागा जपलेली असेल तर विचारायचं.

विचारायचं म्हणजे काय, हे जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण इथंच बहुतेक कामं फसतात.

आधी वेळ. ग्रामसभा भरतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला. तांड्यावरची ऊसतोडीला जाणारी माणसं दसरा-दिवाळीला निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तांड्यातून भेटतात ती म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. वनहक्क नियमांप्रमाणं निम्म्या सदस्यांची गणपूर्ती हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात; जानेवारीत ही गणपूर्ती कागदावरच होऊ शकते. पेरणीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या दंडारीच्या, म्हणजे नाचाच्या, दिवसांत गोंड वस्तीवर बैठक लावू नये. एप्रिलअखेर ते मे हा काळ सर्वांत चांगला. माणसं घरी असतात, आणि उद्भवाची खरी ताकदही तेव्हाच कळते. जून उजाडल्यावर केलेली पंपाची चाचणी कोणत्याही विहिरीला उत्तीर्ण करते.

मग जागा. बैठक पोडावर, आणि बैठकीआधी फेरी. आखणीची रेषा चुन्याच्या फक्कीनं मारायची, आणि पोडाचा नाईक, पूजेचा मान असलेला माणूस, दोन-तीन जाणत्या बाया यांना घेऊन ती रेषा पायी चालायची. बाया हव्यातच; पाणी कोणत्या झऱ्याचं कधी आटतं आणि कोणत्या दिवशी कुणी त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. चालताना लेव्हल घेणारा, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजणारा माणूस आपल्या वहीत 'झाड, मोह' अशी नोंद करतो आणि पुढं जातो. मागून येणारी म्हातारी तिथं थांबते. झाडाच्या बुंध्याशी तीन दगड, शेंदूर उडालेला, पालापाचोळ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, पणतीचा काळा डाग. लेव्हल बुकात या सगळ्याला रकाना नाही. तसा रकाना आखून घ्या. झाडापासून किती अंतर सोडायचं हेही तिलाच विचारा. कुठं दहा पावलांवर भागतं, कुठं पलीकडच्या ओढ्यापर्यंतची सगळी जागा देवाची असते.

झऱ्याबद्दल विचारायचं ते वेगळं. पाणी उपसायचा हक्क सगळ्यांना आहे का, की ठरावीक कुळांना? पूजेच्या काळात उपसा बंद ठेवावा लागतो का, आणि किती दिवस? विटाळाचे नियम आहेत का? असतील तर त्या झऱ्याचं पाणी नळानं घरात आल्यावर बायांची अडचण होईल का? हे पाणी दुसऱ्या गावाला द्यायला चालेल का? उत्तर 'चालणार नाही' आलं म्हणून योजना मरत नाही. झरा आणि त्याच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी घेतलेली विहीर बहुतेक वेळा एकाच वरच्या थरातलं पाणी खेचतात. झरा मोकळा ठेवून विहीर थोडी खाली सरकवली तर भागतं. फक्त उन्हाळ्यात पंप चालू ठेवून झऱ्याची धार घटते का, ते पोडाच्या माणसांसमोर पाहायला हवं. बोअर खोल नेऊन सुटका करून घ्यायचा मोह मात्र आवरावा. नांदेडच्या पूर्व भागात काळ्या कातळाखाली ग्रॅनाइट लागतो आणि खोल पाण्यात फ्लोराइडची भीती असते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर गेलं की देव वाचला आणि दात गेले.

आता पोडाच्या बाजूचा एक हिशेब, जो संस्कृतीच्या चर्चेत नेहमी राहून जातो. विहीर पोडाच्या शिवारात, पाणी खालच्या गावठाणाला, असं वारंवार होतं. गावठाणात १२ मीटर उंचीची टाकी बांधली आणि पोड गावठाणापेक्षा १८ मीटर वर असेल, तर टाकीचा तळ पोडाच्या जमिनीपेक्षा ६ मीटर खाली राहिला. बसक्या घराच्या नळाला ७ मीटरचा दाब हवा. म्हणजे पोडात तोट्या बसतात, फोटो निघतात, पाणी येत नाही. वर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला भूजल कायद्याची आडकाठी. पाणी गावाला, आडकाठी पोडाच्या शेतीला. शिवाय विहिरीची जागा आदिवासीच्या सातबाऱ्यावरची असेल तर नुसतं मुद्रांकावरचं दानपत्र पुरत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर बंधन घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ बक्षीसालाही लागू होतं आणि त्याला वरची मंजुरी लागते. ती न घेतलेली विहीर पुढं कधीही वादात सापडू शकते.

अशा पोडाला वेगळी छोटी योजना द्यावी. सौर पंप आणि हातपंप एकाच बोअरवर चालणारी दुहेरी पंप योजना आपल्याकडे रुळलेली आहे. ५,००० लिटरची टाकी माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं ९० माणसांना पुरते, दिवसातून दोनदा भरली तर १८०. आदिवासीबहुल गावाला लोकवर्गणीही १० ऐवजी ५ टक्केच. पाणी ज्यांच्या शिवारातून उचलायचं त्यांना ते पहिल्यांदा द्यायचं, ही अट ठरावात पहिल्या ओळीत असावी.

पोडावरून जरा खाली, सपाटीला येऊ. गोदावरीच्या खोऱ्यात सांस्कृतिक वारसा म्हटलं की माणसं देवळं आणि बारवा मोजतात. नळाच्या चराला आडवी येते ती पांढरी. जुन्या वस्तीचं ते राखट मातीचं टेकाड गावातल्या पोरालाही माहीत असतं, फक्त नकाशावर नसतं. पैठण आणि तेर ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण सातवाहनांच्या काळात माणसं काय दोनच गावांत राहत होती? छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीहून पाणी आणणारा नळ २५०० मिलिमीटर व्यासाचा. एवढ्या नळाला साडेतीन मीटरहून खोल चर लागतो. मराठवाडा वॉटर ग्रिडच्या कल्पनेत अकरा धरणं असेच नळ टाकून जोडायची आहेत. त्या आखणीत किती पांढऱ्या येतील हे तलाठी, कोतवाल आणि शेतकरी यांना विचारून महिन्याभरात नोंदवता येईल.

पांढरी टाळता येत असेल तर टाळावी. नसेल तर तेवढ्या लांबीत हातानं खोदाई, आणि ती निविदेतच वेगळी बाब म्हणून धरलेली. हे न केल्यास काय होतं? ठेकेदाराचा दर यंत्राच्या खोदाईचा, हातानं खोदायला त्याला परवडत नाही, आणि जेसीबीच्या बकेटीत रांजण आला की तो रात्रीत बुजवला जातो. काम थांबलं तर यंत्र बसून राहिल्याचा भुर्दंड त्याच्याच माथी, मग तो सांगेल कशाला? म्हणून निविदेत दोन गोष्टी हव्यात: थांबावं लागलं तर यंत्र हलवायला दुसरा टप्पा तयार, आणि थांबलेल्या दिवसांचा ठरलेला दर. वस्तू निघाली की दोन्ही बाजूंना दहा मीटर काम बंद, वस्तू न हलवता, न धुता, शेजारी पट्टी ठेवून फोटो, तलाठ्याचा पंचनामा, तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना खबर. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे; दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कळवणं बंधनकारक. हाडं निघाली तर आधी पोलिसपाटील आणि वस्तीतले जाणते, पुढचं त्यांना विचारून.

अमेरिकेत याच कामाला काही पाणीपुरवठा संस्थांकडे स्वतंत्र माणसं असतात. कॅलिफोर्नियानं २०१४ साली कायदा केला: प्रकल्प हाती घेताना चौदा दिवसांत जमातीला कळवायचं, जमातीनं तीस दिवसांत चर्चा मागायची, आणि पवित्र जागांचा ठावठिकाणा गुप्त ठेवायचा. तिथल्या जमाती स्वतःचं शासन असलेल्या, आपली घडण वेगळी. ते जसंच्या तसं उचलण्यात अर्थ नाही. गुप्ततेचं कलम मात्र आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू आहे. अंदाजपत्रकाचा नकाशा चार कार्यालयांतून फिरतो, ठेकेदाराच्या मोबाइलवर जातो. त्यावर 'देवस्थान, जुने' असं लिहिलं की गुप्तधन शोधणाऱ्यांना पत्ता मिळाला. नकाशावर नुसता क्रमांक आणि 'वगळलेला पट्टा' एवढंच असावं. क्रमांक म्हणजे काय, ते सांगणारी वही ग्रामसभेकडे, आणि एक प्रत उपअभियंत्याच्या कुलपात.

यावर येणारा आक्षेप साधा आणि सरळ आहे: बाया दोन कोसांवरून हंडे आणताहेत, आणि तुम्ही देव विचारत बसा म्हणता? शिवाय देवाच्या नावानं आपलं शेत वाचवणारेही असतात. दुसरं खरं आहे. पण खोटा देव ओळखणं अवघड नसतं. पूजा कोणत्या महिन्यात, मान कुणाचा, नारळ-कोंबडं कोण आणतं, हे वेगवेगळ्या तिघांना विचारलं की उलगडा होतो. पहिल्या आक्षेपाला उत्तर काळाच्या हिशेबाचं आहे. फेरी आणि दोन बैठकी यांना पंधरवडा लागतो. कामाच्या मध्यावर गाव अडून बसलं तर हंगाम जातो आणि ठेकेदार यंत्रं घेऊन दुसरीकडं निघून जातो. आणि रेटून पुरी केलेली योजना वापरली जाईलच असं नाही. ज्या पाण्याशी वस्तीचं मन जुळलं नाही त्याला नावं ठेवायला टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या पावडरीचा, वास पुरतो. ५,००० लिटरला ३३ टक्के ताकदीची पावडर ३० ग्रॅमच्या आसपास पुरे; जलसुरक्षकानं ओंजळीनं टाकली की माणसं पुन्हा झऱ्यावर.

आपल्याकडं हे काम करायला नवं खातं नको. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात एक नेमका माणूस, ज्याला कोलामी किंवा गोंडी येत नसली तरी ती येणारा माणूस सोबत न्यायची अक्कल आहे. त्याच्या फिरतीला आणि वस्तीतल्या वाटाड्यांच्या मजुरीला अंदाजपत्रकात वेगळी ओळ. आणि फेरीचा अहवाल जोडल्याशिवाय उद्भवाचा दाखला ग्राह्य धरायचा नाही, असं एक परिपत्रक. किनवट आणि कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत, भाषा जाणणारी माणसं तिथून मिळू शकतात.

राहिली ती वही. कनिष्ठ अभियंता तीनेक वर्षांत बदलून जातो, आणि पोडानं त्याला विश्वासानं सांगितलेलं त्याच्याबरोबर जातं. नवा येतो, गळती काढायला त्याच पट्ट्यात जेसीबी घालतो. बदलीच्या वेळी होणाऱ्या चार्ज यादीत मोजमाप पुस्तकं असतात, लेव्हलचं यंत्र असतं, गंजलेले व्हॉल्व्हसुद्धा नगावर मोजून दिले जातात. त्याच यादीत कुलपातल्या वहीची एक ओळ वाढवायची आहे, आणि नव्या माणसाची सही घ्यायची ती कार्यालयात नव्हे, पोडावर, नाईकासमोर.